छायाचित्राची झळाळी आणि मूर्तीची ओळख

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासस्वामींचे जन्मग्राम. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील राममंदिरातून पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. पुढे तपासात मूर्ती पोलिसांच्या हाती लागल्या. अशा प्रसंगी मूर्ती ओळखावी कशावरून? झिजलेल्या नाकावरून, काळवंडलेल्या छटेवरून, एखाद्या ओरखड्यावरून. संगणकावर नेमके तेच आधी पुसले जाते! मग चढते सोनेरी झळाळी, कृत्रिम प्रभावळ, मागे भडक निळे आकाश. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवण्याची कला जुन्या स्टुडिओंतही होती. पण तो हात हलका असे. उत्सवाच्या फलकावर हौस खुशाल करावी. देवस्थानच्या दप्तरात मात्र मोजपट्टीसह, सर्व बाजूंनी टिपलेली, कोणताही संस्कार न केलेली छायाचित्रेच असावीत.