भूमितीची तोंडओळख

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात भूमितीवर बोला असे चिटणिसांनी सांगितले तेव्हा आम्ही जरा बिचकलो. अशा प्रसंगी संस्थेचा इतिहास, थोरांची चरित्रे असले विषय शोभतात. त्रिकोण-चौकोन ऐकायला सुट्टीच्या दिवशी कोण येणार? पण चिटणिसांचे म्हणणे असे पडले की, आपली शिष्यवृत्ती ज्यांच्या हातून निसटते त्यांतली पुष्कळ मुले गणितात अडकतात, आणि गणितात भूमितीपाशी. तेव्हा पालकांनाही ऐकू द्या. म्हणून आम्ही उभे आहोत. प्रथम एक कबुली देणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या चाचणीत आम्ही ‘काटकोन म्हणजे काय?’ असा प्रश्न घातला होता. एका मुलाने लिहिले, “गुण्या आत लावल्यावर फटीतून उजेड दिसत नाही तो काटकोन.” त्याचे वडील गवंडीकाम करीत. पुस्तकात ‘ज्या कोनाचे माप ९० अंश असते तो’ असे असल्यामुळे आम्ही त्या उत्तरापुढे लाल शाईने शून्य काढले. बाकीची उत्तरेही त्याच धर्तीची होती. तो नापास झाला आणि शिष्यवृत्तीसाठी पाठवायच्या यादीत आम्ही त्याचे नाव घातले नाही.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एका घराचा पाया आखायचे काम चालले होते. तोच मुलगा दोरी धरून उभा होता. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, आणि त्या दोन खुणांमध्ये बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवायची. पाच आले की कोपरा काटकोनात बसला. आम्ही विचारले, “हे का जमते?” तो म्हणाला, “वडील असेच धरतात. का ते तुम्ही सांगा, सर.” आम्ही जरा घाईत होतो, असे त्या वेळी आम्ही स्वतःला सांगितले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो वर्गात नव्हता.

आज त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. पण त्याआधी चार पायऱ्या चढाव्या लागतील.

पहिली पायरी बिंदूची. बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. फक्त जागा आहे, असे पुस्तक सांगते. मूल पेन्सिलीचा ठिपका पाहते आणि मनात म्हणते, हा तर दिसतो आहे! मुलाचे बरोबरच आहे. राज्याच्या नकाशावर बीदरचा ठिपका असतो. त्या ठिपक्यात किल्ला मावतो का? चौबारा मावतो का? ठिपका गाव नव्हे, गावाच्या जागेची खूण आहे. तसाच कागदावरचा ठिपका ही बिंदूची खूण. एवढे एकदा उमगले की रेषा अवघड नाही. दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधलेला दोरीचा तुकडा तो रेषाखंड; तीच दोरी दोन्हीकडे न थांबता पुढे गेली अशी कल्पना केली की रेषा.

समांतर रेषा आपल्या शेतकऱ्याला शिकवायला नकोत. कलबुर्गी जिल्हा तुरीचा. तिफण चालली की तीन ओळी एकदम पडतात. फणांमधले अंतर बदलत नाही, म्हणून नांगरटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळी एकमेकींना मिळत नाहीत. २०१७ साली बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाला. फलाटावर उभे राहून पाहिले तर रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे दिसतात. मुलांना आम्ही विचारतो, डोळ्यावर विश्वास ठेवायचा की मोजणीवर? खरोखर रूळ मिळत असते तर गाडी कलबुर्गीला पोचली नसती.

दुसरी पायरी कोनाची, आणि इथे शिक्षकाने सावकाश जावे. कोनाच्या भुजा लांब काढल्या की कोन मोठा झाला, असे निम्म्या वर्गाला वाटते. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले की काट्यांमध्ये काटकोन होतो. मनगटावरच्या घड्याळातही तोच काटकोन. काटे लहान म्हणून कोन लहान होत नाही. कोन म्हणजे वळण: दार किती उघडले ते. दाराची फळी रुंद असो वा अरुंद. काटकोनापेक्षा कमी उघडले तर लघुकोन, जास्त उघडले पण पालथे भिंतीच्या रेषेत गेले नाही तर विशालकोन. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या उत्तरात अंश नव्हते, पण वळण होते. आज तोच पेपर तपासला तर आम्ही पूर्ण गुण देऊ आणि शेजारी लिहू की, या वळणाला ९० अंश म्हणतात.

शब्दांचे एक सांगून टाकतो, कारण आपल्या सीमाभागात मुले शब्दांपाशीच ठेचकाळतात. आमच्या वर्गात एकाच बाकावर घरी मराठी, उर्दू आणि कन्नड बोलणारी मुले बसतात. एक वर्तुळ म्हणतो, दुसरा दायरा, तिसरा वृत्त. आमचे आजोबा निजामी अमदानीत उर्दूतून शिकले. ते कोनाला जाविया, त्रिकोणाला मुसल्लस आणि चौरसाला मुरब्बा म्हणत. मुरब्बा म्हटले की आम्हां पोरांना कपाटातली बरणी आठवे. (लिहिताना ते दोन शब्द निराळे आहेत, पण भुकेल्या कानाला काय त्याचे!) भूमितीला अरबीत हंदसा म्हणतात. तो शब्द फारसी ‘अंदाजा’ पासून, म्हणजे मापावरून, निघाला. आणि आपण मराठीत सर्रास म्हणतो ना, “अंदाज घ्या”? तोच हा शब्द.

ग्रंथांचाही प्रवास असाच झाला. युक्लिड हा इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात होता. त्याचा ग्रीक ग्रंथ बगदादेत अरबीत उतरला, तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी तो नीट लावला, आणि तूसींच्या अरबी पोथीवरून अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी तो संस्कृतात आणला. त्याचे नाव ‘रेखागणित’. उलट वाटेने भास्कराचार्यांची ११५० मधली ‘लीलावती’ अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये फारसीत नेली. तेव्हा वर्गात कोणी दायरा म्हणाला तर हसू नये. फळ्यावर तिन्ही शब्द लिहावे. परीक्षेचा शब्द कोणता, ते मात्र मुलाला पक्के सांगावे.

आता त्रिकोण. घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. चार काड्या घ्या, कोपऱ्यांना टाचण्या टोचून चौकट करा आणि एका बाजूने दाबा. चौकट तिरकी होते. जुनी बाज खिळखिळी झाली की होते तशी. बाजू त्याच राहिल्या, पण कोन बदलले. आता तीनच काड्यांचा त्रिकोण करून दाबा. तो हलत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. दुसऱ्या आकाराचा त्रिकोण त्या तीन काड्यांतून होतच नाही. म्हणून सुतार नव्या दाराच्या चौकटीवर तिरपी पट्टी ठोकून मग ती उचलतो, आणि विजेच्या उंच मनोऱ्यात जिकडे पाहावे तिकडे त्रिकोण दिसतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, लगेच कामाला येणार आहे.

चौथ्या पायरीसाठी फरशीवर बसू या. शहाबाद आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातले. तिथली फरशी पुण्या-मुंबईच्या घरांतही पोचली. एकेक फुटाच्या चौरस फरश्यांचा सात गुणिले सातचा चौक घ्या. फरश्या झाल्या ४९. चौकाच्या प्रत्येक बाजूवर, एकाच दिशेने फिरत, कोपऱ्यापासून तीन फुटांवर खडूने खूण करा. चार खुणा झाल्या. त्या ओळीने जोडा. चार कोपऱ्यांत चार त्रिकोण सुटे होतील. प्रत्येकाची एक बाजू तीन फूट, दुसरी चार फूट आणि मधे चौकाचा काटकोन. तीन गुणिले चार फरश्यांचा आयत कर्णावर कापला की असा त्रिकोण होतो, म्हणजे एकेकाचे क्षेत्र सहा फरश्या. चार त्रिकोणांच्या झाल्या चोवीस. एकोणपन्नासातून चोवीस गेले, मधे उरले पंचवीस.

मधली आकृती कोणती? तिच्या चारही बाजू सारख्या, कारण चारही त्रिकोण सारखे. तिचा प्रत्येक कोपरा काटकोन आहे, कारण खुणेपाशी एका त्रिकोणाचा एक लघुकोन आणि शेजारच्या त्रिकोणाचा दुसरा लघुकोन मिळून ९० अंश होतात आणि सरळ रेषेतले उरलेले ९० मधल्या आकृतीच्या वाट्याला येतात. म्हणजे तो चौरसच. पंचवीस फरश्यांच्या चौरसाची बाजू पाच फूट. म्हणजे तीन आणि चारच्या मधे काटकोन असेल तर समोरची बाजू पाच भरलीच पाहिजे. आणि उलट, गवंड्याने तीन, चार, पाच अशा तीन दोऱ्या ताणल्या तर? तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, हे आताच पाहिले. तीन, चार, पाचचा त्रिकोण एकाच आकाराचा होतो, आणि तो हाच, काटकोनाचा. म्हणून जमते.

या नियमाला पायथागोरसचे नाव आहे. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्याच्या शुल्बसूत्रांतही तो सांगितला आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरीच. आमच्या विद्यार्थ्याच्या हातात तीच दोरी होती. हे उत्तर द्यायला फार तर दहा मिनिटे लागतात.

वर्तुळाबद्दल थोडक्यात. खुंटीला बांधलेली शेळी ताणलेल्या दोरीने फिरली की कडेला जी रेघ उमटेल ती वर्तुळ. खुंटी हे केंद्र, दोरी ही त्रिज्या. घरातले ताट, हंडा, बांगडी, जे सापडेल त्याचा परीघ सुतळीने मोजा आणि व्यासाने भागा. दर वेळी तीनाहून किंचित जास्त येते. भास्कराचार्यांनी व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० असे दोन आकडे दिले आहेत. आपला चौबारा ७१ फूट उंच आणि गोल. त्याच्या पोटातून टेप घालता येत नाही. पण बाहेरून दोरी गुंडाळून, तिला सातने गुणून बावीसने भागले की व्यास हातात.

चौरस आणि वर्तुळ एकमेकांना कसे भेटतात, ते पाहायचे तर अष्टूरला जावे. बहमनी मकबऱ्यांची दालने खाली चौरस आहेत आणि वर घुमट गोल. चौरसाचे चारही कोपरे कमानींनी छाटून कारागिरांनी आधी अष्टकोन केला. आठ बाजूंवर गोल बसवणे सोपे. वाटेवरच्या चौखंडीत तर अष्टकोनी भिंतीच्या आत चौरस मकबरा उभा आहे.

विश्वस्तांना एक विनंती आहे. कंपासपेट्यांचे वाटप आपण दर वर्षी करतो, ते चालू द्यावे. त्याबरोबर शिष्यवृत्तीच्या निवडीत केवळ आमच्यासारख्या शिक्षकांनी पाठवलेले गुण न पाहता, मुलाला दोरी, खडू आणि गुण्या देऊन काही आखायला सांगावे आणि ‘का?’ असे विचारावे. ‘का’ चे उत्तर आले नाही तरी चालेल. मुलाने उलटून तोच प्रश्न आपल्याला केला, तरी गुण द्यावे. त्या मुलाची धाकटी बहीण यंदा आमच्याच वर्गात आठवीत आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आठवी-नववीच्या मुलामुलींनी महमूद गावानच्या मदरशापाशी जमावे. १४७२ ची ती इमारत. तिचा उरलेला मिनार आणि त्यावरच्या नागमोडी रंगीत फरश्या पाहून मग चौबाऱ्याला दोरी लावू. पालकांपैकी गवंडी, सुतार आणि बिदरी काम करणारे यांनी अवश्य यावे, हत्यारे घेऊन यावे. शिकवण्याचे काम त्यांचे, शब्द सांगण्याचे आमचे. पाण्याची बाटली प्रत्येकाने आणावी. दोरी आम्ही आणतो.