कुर्ट्झ कोणी बिघडवला?

जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी प्रथम १८९९ साली मासिकातून प्रसिद्ध झाली. लेखकाने १८९० मध्ये काँगो स्वतः पाहिला होता. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची ती १८८५ पासून जणू खाजगी मालमत्ताच होती.

कादंबरीतील कुर्ट्झ तेथे जातो तो करुणेचा आणि प्रगतीचा दूत म्हणून. रानटी चालीरीतींच्या निर्मूलनावर तो उदात्त अहवाल लिहितो. पुढे त्याच अहवालाच्या तळाशी संहाराची आज्ञा खरडतो. त्याच्या घरापुढील खांबांवर माणसांची मुंडकी दिसतात. कंपनीच्या व्यवस्थापकाला यात खटकते काय? क्रौर्य नव्हे, त्यामुळे त्या भागातील हस्तिदंताचा व्यापार बुडाला, एवढेच!

म्हणून जंगलाने कुर्ट्झला बिघडवले, हे म्हणणे अपुरे आहे. चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली आक्षेप घेतला, की कॉनरॅडने आफ्रिकी माणसांना केवळ पार्श्वभूमी करून टाकले. जाब विचारण्याचा हक्क ज्यांचा होता, त्यांना कादंबरीतही वाणी लाभली नाही. सत्तेला जाब विचारणारा कोणी उरला नाही, की सज्जनाचे ध्येयसुद्धा लुटीचे हत्यार बनते. ध्येयवादी कार्यकर्त्याने हे प्रथम ओळखले पाहिजे.