पदवीवाचून प्राध्यापक : पॅट्रिक गेडिस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणी विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर एखाद्या निवृत्त शिक्षकाने त्यांना चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, असा आपल्या संमेलनाचा प्रघात आहे. या वर्षी ते काम मजकडे आले आणि त्यासोबत विषयही आला. आपल्या शिष्यवृत्ती समितीकडे अलीकडे असे काही अर्ज येऊ लागले आहेत की ज्यांत मुलांनी, विशेषतः मुलींनी, पर्यावरणशिक्षणाचा अभ्यास करून त्यातच अध्यापन करण्याचा मनोदय व्यक्त केलेला असतो. समितीतील वडीलधाऱ्या मंडळींनी मला विचारले, की मुलांना डोंगरावर नि ओढ्याकाठी हिंडवून आणण्यासाठी विद्यापीठाची पदवी कशाला हवी, आणि त्यावर संसार चालेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर एका माणसाच्या चरित्रातून देण्याचा माझा विचार आहे, कारण या मार्गाने जाणाऱ्याच्या वाट्याला काय काय येते हे त्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही माहितीपत्रकात दिसणार नाही. शिवाय हा माणूस आपल्या मुंबई विद्यापीठात पाच वर्षे प्राध्यापक होता, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलॅटर या गावी २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. (गांधीजींची जन्मतिथीही तीच, हा केवळ योगायोग, पण ध्यानात ठेवण्यास सोयीचा.) वडील फौजेतून निवृत्त झालेले. पर्थ गावाजवळच्या टेकडीवर त्यांचे घर होते आणि घराभोवतीच्या बागेत बापाने मुलाला जे शिकवले, तेच गेडिस आपले खरे विद्यापीठ मानीत. एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले खरे, परंतु तेथील कोरड्या शिकवणीला कंटाळून आठवड्याभरातच ते बाहेर पडले. पुढे लंडनला हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. पदवी मात्र त्यांनी अखेरपर्यंत घेतली नाही.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आयुष्य काढण्याची वाट बंद झाली. जीवशास्त्रज्ञाला याहून मोठा घाव कोणता? तथापि याच घावाने त्यांची नजर काचपट्टीवरून उचलली जाऊन गाव, नदी, डोंगर आणि त्यांवर जगणारी माणसे यांकडे वळली.

१८८८ मध्ये एडिंबरोच्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी त्यांनी अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्याच वर्षी एका धनिक स्नेह्याने डंडी येथील महाविद्यालयाला देणगी देऊन त्यांच्यासाठी अध्यासन निर्माण केले. त्यात अट अशी, की प्राध्यापकाने केवळ उन्हाळी सत्रात शिकवावे आणि उरलेले वर्ष आपल्या मनाजोगे काम करावे. हे अध्यासन गेडिस यांनी तीस वर्षे सांभाळले. पालकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ज्याला आज जग या विषयाचा एक आद्य आचार्य मानते, त्यालाही नोकरी मिळाली ती स्पर्धेत जिंकून नव्हे. एका मित्राच्या औदार्यामुळे मिळाली.

उरलेल्या वर्षात ते काय करीत? १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नवदांपत्याने बिऱ्हाड थाटले ते एडिंबरोच्या जुन्या शहरातील गलिच्छ वस्तीत. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना सफेदी करणे, पडीक कोपऱ्यांत बागा लावणे, असा त्यांचा संसार सुरू झाला. १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळील एक मनोरा घेतला आणि त्याला 'आउटलुक टॉवर' असे नाव दिले. प्रथम अगदी माथ्यावर चढावयाचे आणि तेथील अंधाऱ्या खोलीत भिंगाच्या योगाने मेजावर उमटणारे शहराचे जिवंत चित्र पाहावयाचे. मग एकेक मजला उतरावयाचा. एडिंबरोचा मजला, त्याखाली स्कॉटलंडचा, त्याखाली इंग्रजी भाषिक देशांचा, मग युरोपचा आणि सर्वांत खाली जगाचा. स्वतःच्या गावापासून आरंभ करून जगापर्यंत पोहोचावयाचे, हा त्यांच्या शिक्षणाचा क्रम होता. आमच्या शाळांत नकाशा शिकवला जातो तो बहुधा याच्या उलट.

त्यांच्या विचाराचे दुसरे साधन म्हणजे 'खोऱ्याचा छेद'. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतची जमीन एका रेषेत काढावयाची आणि त्या रेषेवर कोणता व्यवसाय कोठे वसला आहे ते मांडावयाचे. वर खाणकामगार, मग लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, माळी आणि अखेरीस कोळी. हे चित्र पाहून मला नेहमी आपला सह्याद्री आठवतो. घाटमाथ्यावरील धनगर, रानातला कातकरी, उतारावर नाचणी-वरी पिकवणारा, खाली भातखाचरांतला कुणबी, वाडीतला बागाईतदार आणि खाडीवरचा कोळी. एवढ्या थोड्या अंतरात माणसाच्या जगण्याचे इतके प्रकार पाहावयास मिळतील असे प्रदेश जगात विरळा. यांतला प्रत्येकजण आपापल्या उंचीवरचा जाणकार आहे. मुलांना तेथे न्यायचे ते सृष्टिसौंदर्य पाहण्यापुरते नव्हे. त्या माणसाला गुरू मानून प्रश्न विचारण्यासाठी न्यायचे. आणि हे शिकवणे वाटते तितके सोपे नाही. त्याला भूगोल हवा, वनस्पती नि पक्षी ओळखता यावयास हवेत, माणसांशी बोलण्याची रीत हवी, आणि चाळीस मुलांना ओढ्याच्या निसरड्या दगडांवरून सुखरूप परत आणण्याची जबाबदारी पेलता यावयास हवी. "पदवी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. गेडिस यांना ती लागली नाही, कारण बागेत शिकवणारा बाप त्यांना लाभला. तसा बाप सर्वांनाच कोठून मिळणार?

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेले नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते 'एमडन' या जर्मन युद्धनौकेने बुडवले. मित्रांनी धावपळ करून नवे साहित्य पाठवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन उभे राहिले. पुढे बडोदे, इंदूर आदी अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा, माळी जशी झाडाची छाटणी करतो तशी जुन्या शहराची बेताने छाटणी करावी, असा त्यांचा आग्रह असे. इंदूरची हकीकत तर मोठी बहारीची आहे. शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनी होळकर दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे मागून घेतली आणि जाहीर केले, की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरूनच जाईल. मग काय विचारता! आळीआळीत झाडलोट, सफेदी, गाड्या भरभरून कचरा वाहणे. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर यांची सोंगे होती. एका अख्ख्या शहराला दिलेला हा धडा होता, आणि त्यासाठी वर्गाची खोली लागली नाही.

१९१७ साल मात्र त्यांच्यावर कोसळले. थोरला मुलगा ॲलॅस्डेअर एप्रिलमध्ये युद्धात पडला. त्या वेळी ॲना कलकत्त्यास मृत्युशय्येवर होत्या. पुत्रनिधनाची वार्ता गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही, आणि थोड्याच आठवड्यांत त्याही गेल्या.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यासन देऊन त्यांना पाचारण केले. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे सुपुत्र त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला गेले आणि १९२४ मध्ये त्यांच्यामागून विभागप्रमुख झाले. घुर्ये यांनी जातिसंस्थेवर लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे; आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांविषयी त्यांचे मत फारसे अनुकूल नव्हते, हे या व्यासपीठावरून सांगितलेले बरे. त्यांच्या हाताखाली विभाग मोठा झाला, पण त्याचा कल ग्रंथांकडे अधिक राहिला आणि गेडिस यांची रस्त्यारस्त्यांतून हिंडणारी पाहणी मागे पडली. याचा दोष मी कोणालाच देत नाही. ज्या विद्येची परीक्षा तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेने घेता येत नाही, ती विद्यापीठात पाहुणी म्हणूनच राहते.

गेडिस १९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने येथून फ्रान्समधील माँपेल्ये येथे गेले आणि १९३२ मध्ये तेथेच निवर्तले. ज्या एडिंबरोने त्यांना नाकारले, त्याच विद्यापीठात पुढे मोकळ्या हवेतील शिक्षण हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय झाला.

आपल्याकडे अधिष्ठान न लाभताही हे काम झालेच नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे केले, ते मला गेडिस यांच्या तोडीचे वाटते. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, हा 'कुरणशाळे'चा विचार कोणत्या विद्यापीठाला सुचला होता?

आता पोटाचा प्रश्न. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा निर्देश दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, आणि त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले ते पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी, जे व्यवसायाने शल्यचिकित्सक. पन्नास तासिकांच्या त्या अभ्यासक्रमात अखेरचे पाच तास क्षेत्रभेटीसाठी ठेवलेले होते. नदी, गवताळ रान, टेकडीचा उतार, परिसरातील पक्षी नि कीटक. माझ्या पाहण्यात, पहिल्याने कापले गेले ते हेच पाच तास. विषय अनिवार्य झाला, पण तो शिकवावयास कित्येक ठिकाणी ज्याच्या तासिका कमी पडतात अशा कोणाही अध्यापकास उभे करण्यात आले. अनेक तरुण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवीत राहिले.

म्हणून मुलांना माझे सांगणे असे. पर्यावरणशास्त्र हा राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा स्वतंत्र विषय आहे. ती परीक्षा द्या, परंतु त्याआधी वनस्पतिशास्त्र, भूगोल वा भूशास्त्र यांपैकी एका विषयाचा पाया पक्का करा, म्हणजे एक दार बंद असले तर दुसरे ठोठावता येईल. आणि पालकांना सांगणे असे, की पहिली पाच-सात वर्षे कायम नेमणुकीची अपेक्षा धरू नका. मुलगी क्षेत्रभेटीवरून दिवेलागणीनंतर परतली तर तिच्या पायांवरच्या चिखलाबद्दल तिला बोलू नका. वहीत काय टिपून आणले तेवढे पाहावयास मागा.