सोलापूर ते रायचूर : एका जोडणीची हकीकत

(इंदिरानगर येथे मंडळाच्या सभासदांपुढे दिलेले भाषण)



मी अभियंता नव्हे; कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा एक नोकर. तेव्हा विद्युत् उपकेंद्रावर बोलण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला, असे आपण विचारलेत तर ते रास्तच होईल. माझे उत्तर इतकेच, की माझे गाव सोलापूर आणि बिऱ्हाड इंदिरानगरात. उद्यान एक्स्प्रेसने रायचूरवरून गावी जाणारे आपणांत पुष्कळ असतील. त्या रायचूर-सोलापूर दरम्यान ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एकजीव झाले.

तत्पूर्वी देवघेव नव्हती असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीस प्रत्यावर्ती वीज एकाच आवारात दिष्ट करून, पुन्हा प्रत्यावर्ती करून पलीकडे दिली जाई. ओडिशातील तालचेरहून कोलारपर्यंत २००३ पासून दिष्ट प्रवाहाची वाहिनी होती. पण हा सारा व्यवहार कुंपणावरून वाटीभर साखर द्यावी तसा, चुली वेगळ्याच. वारंवारता दोन्हीकडे ५० हर्ट्झच्या आसपास, तरी एक नव्हे. बंगळूरचा पंखा आणि सोलापूरचा यंत्रमाग वेगवेगळ्या ठेक्यावर फिरत.

उपकेंद्रातील रोहित्राचे काम आपण जाणताच. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो आणि तारेतील नुकसान चौथाईवर येते. म्हणून लांबच्या प्रवासास उच्च दाब. मला मात्र जोडण्या-तोडण्याचे काम अधिक नाजूक वाटते. दोन जाळी जोडताना दाब, वारंवारता आणि लहरींची चाल, तिन्ही जुळावी लागतात. लेझीमची दोन पथके पाऊल जुळल्यावाचून एकमेकांत शिरली तर काय होईल, ते सोलापूरकरांस सांगावयास नको.

आणि तोडणे? ३० जुलै २०१२ रोजी उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश अंधारात गेला. दोन्ही दिवशी आरंभ बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर झाला. तिच्यावरील अतिभार हा बिघाडच आहे, असे संरक्षक यंत्रणेला वाटले आणि तिने वाहिनी तोडली. दक्षिण विभाग वाचला, कारण तो केवळ दिष्ट प्रवाहाने जोडलेला होता. मग पुढे दीड वर्षाच्या आत आपण ते कुंपण का काढले? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. दक्षिणेत विजेचा तुटवडा असे, भावही चढे. आणि मोठ्या जाळ्यात एखादे जनित्र बंद पडले तरी त्याचा धक्का पुष्कळांत वाटला जातो. धोकाही वाटला जातो, हे खरेच. माझ्या मते तो पत्करणे योग्य होते. मात्र वेळीच अलग होण्याची सोय उपकेंद्रांत चोख हवी.

त्या जुलैत आई सोलापुरास होती. तिला दमा, वाफ घेण्याचे यंत्र विजेवर चाले आणि भारनियमनाची सवय असल्याने तिचे अर्धे लक्ष घड्याळाकडे असे. तरी फोन तिनेच केला. ‘‘दिल्लीत काळोख आहे म्हणे. तुझ्याकडे दिवे आहेत ना रे?’’

पुढे जोडणी झाल्यावर मी तिला थट्टेने म्हणालो, ‘‘आई, आता गेली तर दोघांकडची एकदमच जायची!’’

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली, ‘‘मग मला विचारायला फोन करायला नको.’’

फोन मात्र तिने सोडला नाही.