मळ्याचें ज्ञान मद्यशाळेंत



द्राक्षें पिकविणारा एक आणि त्यांचें मद्य करणारा दुसरा, असाच प्रकार जगांत बहुधा आढळतो. मद्यशाळेचा खरेदीदार द्राक्षांतील साखर मोजतो, टनामागें दर ठरवितो आणि निघून जातो. त्या घडामागें कोणती माती होती, कोणतें तण होतें, याची विचारपूस तो क्वचितच करतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानाच्या उत्तर भागांत मेंडोसिनो नांवाचा जिल्हा आहे. तेथें मात्र ही विचारपूस होऊं लागली. प्रश्न पिण्याचा नसून पिकविण्याचा असल्यामुळें, ज्यांस मद्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं अशा गृहस्थांनींही ती हकीकत ऐकण्यास हरकत नाहीं.

१९७० नंतरच्या दशकांत अ‍ॅलन चॅडविक या इंग्रज माळ्यानें त्या जिल्ह्यांतील कोव्हेलो गांवीं तरुणांस रसायनांवांचून बागाईत शिकविली. त्याच्याजवळ शिकलेल्या जोनाथन व कॅट्रिना फ्राय या दांपत्यानें कुटुंबियांसह १९८० मध्यें सेंद्रिय द्राक्षांची मद्यशाळा काढली. ती लहान होती. परंतु हॉपलंड येथील फेट्झर या मोठ्या मद्यशाळेनेंही १९८५ च्या सुमारास सेंद्रिय भाजीपाल्याची बाग लावली, तेथील फळांची रुचि पाहून तिचें लक्ष आपल्या द्राक्षांकडे वळलें, आणि माल पुरविणाऱ्या शेतकऱ्यांसही तिनें त्या वाटेनें येण्यास उत्तेजन दिलें. आतां शेतकऱ्यापाशीं सांगण्याजोगें असें काय असतें?

पानांतील रस शोषणारा तुडतुडा हा तेथील द्राक्षवेलींचा जुना शत्रु. त्याच्या अंड्यांतच आपलें अंडें घालणारा, गांधीलमाशीच्या कुळांतील एक कीटक आहे. त्याची लांबी एक मिलिमीटरही भरत नाहीं. त्याचीं पिलें शत्रूचीं अंडीं आंतून फस्त करतात, मग फवारणी कशाला हवी? पण अडचण येते ती हिवाळ्यांत. तुडतुडा थंडीचे दिवस पालापाचोळ्यांत पूर्ण वाढलेल्या स्थितींत काढतो. मळ्यांत त्याचीं अंडीं नसतात, आणि या मित्रकीटकाचा वंश तर अंड्यांवांचून टिकत नाहीं. डाउट आणि नाकाता या संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, ओढ्याकांठच्या ब्लॅकबेरीच्या झुडपांवर दुसऱ्या जातीचे तुडतुडे असतात आणि त्यांच्या अंड्यांत हा कीटक हिवाळा काढतो. पुढें प्रूनच्या, म्हणजे आलुबुखाराच्या एका जातीच्या, झाडांवरही त्याचा निवारा आढळला. म्हणून वारा ज्या बाजूनें येतो त्या बाजूस तीं झाडें लावावीं, असा सल्ला निघाला.

एवढें पुस्तकांतही सांपडेल. परंतु त्याच ब्लॅकबेरीच्या झुडपांवर, वेली वाळविणाऱ्या पीअर्स नांवाच्या रोगाचा वाहक दुसरा एक किडा वाढतो. तेव्हां झुडूप राखावें कीं तोडावें? त्याचा निर्णय त्या ओढ्याच्या कांठीं वर्षानुवर्षें वावरलेला मनुष्यच देऊं शकतो. तण खाण्यासाठीं मळ्यांत सोडलेल्या मेंढ्या कोंब फुटण्यापूर्वीं नेमक्या कोणत्या आठवड्यांत बाहेर काढाव्या, हेंही तसेंच.

हें ज्ञान उचलून दुसरीकडे नेतां येईल असें मात्र नाहीं. मेंडोसिनोचा उन्हाळा कोरडा. भुरीवर गंधकाची भुकटी पुरते. नाशिककडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोंवळ्या पानांवर अवकाळी पाऊस पडला कीं केवडा येतो, आणि तेथें प्रूनच्या झाडांचा काय उपयोग?

आतां पैशाची बाजू. अमेरिकेंत २००२ पासून पूर्णपणें अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें जमीन ३ वर्षें वर्ज्य रसायनांपासून दूर राहिल्यावांचून तिच्या पिकास सेंद्रिय म्हणतां येत नाहीं. त्या ३ वर्षांचा खुरपणीचा खर्च शेतकऱ्याचा. सेंद्रिय मालाचा दर मागण्याचा हक्क मात्र त्यास नाहीं. शिवाय मद्य टिकावें म्हणून त्यांत गंधकाचा वायु मिसळला कीं ‘सेंद्रिय मद्य’ हें नांव जातें. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेलें’ एवढेंच लिहितां येतें, आणि तेंही दर दशलक्ष भागांत १०० भागांच्या मर्यादेंत. युरोपांत २०१२ च्या हंगामापासून सेंद्रिय मद्यांतही मर्यादित गंधक चालतो. उन्हांत केलेल्या कष्टांस कोणतें नांव मिळावें हें तळघरांत ठरतें, ही व्यवस्था विचित्रच म्हटली पाहिजे.

२०२४ मध्यें मागणी घटल्यामुळें कॅलिफोर्नियांत बरींच द्राक्षें गिऱ्हाइकावांचून वेलींवरच राहिलीं, आणि कित्येकांनीं वेली उपटून टाकल्या. प्रूनचें झाड उपयोगीं पडण्याइतकें वाढण्यास कांहीं वर्षें लागतात. तें लावण्यापूर्वीं निदान तितक्या वर्षांच्या खरेदीचा करार हातीं असावा, अशी अपेक्षा शेतकऱ्यानें मद्यशाळेकडून केली, तर ती अवाजवी नव्हे.