पाच शेपट्यांचे पाणमांजर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिरुवैयारु येथे भरलेल्या कुटुंबमेळाव्यातील भाषण)



आजच्या प्रसंगी आम्हांस बोलावयास उभे करून मंडळाने आमच्यावर उपकार केला आहे आणि आपणांवर थोडा अन्याय. त्यागराजांच्या या गावी संगीतावर बोलणारे, तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासावर बोलणारे अधिकारी पुरुष समोर बसले आहेत. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत टिपणे लिहिण्यात उमर घालविलेले साधे पदवीधर. म्हणून ज्या विषयात आमच्या हातून अपराध घडला तोच विषय निवडला आहे. तो म्हणजे मुलांनी काढलेले काल्पनिक प्राणी.

बाहेर ओसरीवर मुलांची चित्रे टांगली आहेत. त्यांतील प्राणी कोणत्याही राणीच्या बागेत सापडणार नाहीत. जपानमध्ये १९९६ साली ‘पोकेमॉन’ नावाचा खेळ निघाला. खेळणाऱ्याने रानावनांतून, पाण्यातून अद्भुत प्राणी पकडावयाचे, पाळावयाचे, वाढवावयाचे आणि त्यांच्या झुंजी लावावयाच्या. आरंभी हे प्राणी १५१ होते. आज ते हजाराच्या वर गेले आहेत. तरीही जगभरच्या मुलांचे समाधान होत नाही. ती आपल्या मनाचे नवे प्राणी काढतात. आमचे धाकटे चिरंजीव त्यांतलेच.

दोन वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर त्याची अशी एक भरलेली वही आमच्या हाती आली. आम्ही ती रद्दीत घातली. मुलाने आकांत केला असता तर बरे झाले असते. तो काही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून आम्ही मराठीत विचारावे आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यावे, असे सुरू झाले. चार राज्यांतील बदल्यांत जी भाषा आम्ही घरात जपली होती, ती एका वहीबरोबर रद्दीवाल्याच्या तराजूत गेली.

पुढे बदली तंजावरास झाली. बृहदीश्वराचे देवालय दाखविण्यास आम्ही त्याला घेऊन गेलो. भिंतीवरचा १८०३ सालचा मराठी शिलालेख, दुसऱ्या सरफोजी महाराजांनी कोरविलेला, आम्ही मोठ्या अभिमानाने दाखविला. चिरंजीवांचे लक्ष नव्हते. तो जोत्यापाशी बसला होता. तेथे याळींची रांग आहे. आपल्याकडे यालाच व्याल म्हणतात. धड सिंहाचे, तोंड सिंहाचे असेल तर सिंहव्याल, सोंड असेल तर गजव्याल, घोड्याचे असेल तर अश्वव्याल. बऱ्याच वेळाने तो मराठीत म्हणाला, “बाबा, यांच्या वह्या कोणी रद्दीत दिल्या नाहीत वाटतं.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. घरी येऊन आम्ही त्याला नवी वही दिली आणि हे प्राणी कसे करतात ते शिकविण्याची विनंती केली.

तो शिकवू लागला तेव्हा कळले की यात स्वैरपणा फार थोडा आहे. पहिला नियम असा की प्राणी नुसत्या काळ्या सावलीवरून ओळखू आला पाहिजे. दुसरा, रंग थोडे हवेत. तिसरा, त्याला राहण्याचे ठिकाण, खाणे आणि उणीव हवी. पाणी अग्नीला जिंकते, वनस्पती पाण्याला जिंकते. ज्याला कोणीच जिंकू शकत नाही तो प्राणी खेळात निरुपयोगी. चौथा, प्राणी वाढताना रूप पालटतो, पण पहिल्या रूपातली एखादी खूण शेवटच्या रूपातही राहिली पाहिजे. हा खेळ कल्पिणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत. त्यांच्या गावची तळी-शेते शहराच्या वाढीत बुजून गेली. नव्या मुलांनाही तो शोधण्याचा आनंद मिळावा, या इच्छेतून हा खेळ जन्मला. अळीचे फुलपाखरू होते, तेच येथील रूपांतराचे मूळ.

हे ऐकताना आम्हांस आपल्या घरच्या गोष्टी आठवल्या. शिवनेरीच्या दरवाज्यांवर शरभ कोरले आहेत. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर हत्तींना पंजांत दाबून धरणारे श्वापद आहे. इकडे दारासुरमच्या चोळ देवालयातही शरभ भेटतो. ओडिशात नऊ प्राण्यांच्या अवयवांचा नवगुंजर गंजिफाच्या पत्त्यांवर रंगवितात. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पत्ते. त्यांत मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हाताशी येतात. म्हणजे अद्भुत प्राणी घडविणे आणि त्यांच्याशी खेळणे आपल्या पूर्वजांसही वर्ज्य नव्हते. मात्र त्यांनी प्रत्येक अवयव आधी खराखुरा पाहिला होता. ज्याने हत्ती नीट पाहिला नाही, त्याच्याने गजव्याल होत नाही.

म्हणून चिरंजीवांस घेऊन आम्ही येथे, कावेरीच्या घाटावर येऊ लागलो. तिरुवैयारु म्हणजे पवित्र पाच नद्या : वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी. कावेरीच्या पाण्यात पाणमांजरे राहतात. त्यावरून त्याने प्राणी केला. उन्हाळ्यात नदीत वाळू उरते तेव्हा तो लहान, एका शेपटीचा. मेट्टूरच्या धरणातून प्रथेप्रमाणे १२ जूनला पाणी सुटते. ते खाली पोहोचले की शेपट्या तीन होतात. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी बायका नदीची पूजा करतात, तेव्हा पाच. कपाळावरचा वाळूच्या रंगाचा ठिपका मात्र तिन्ही रूपांत तोच. उणीव एकच : पाणी अडले की त्याचे बळ जाते.

नावांचा प्रश्न आला. पहिल्याचे ‘थेंबुल्या’ आणि तिसऱ्याचे ‘पंचधार’ आम्ही सुचविले. मधल्याचे नाव त्याने स्वतः ठेवले : ‘ओढाळ’. आम्ही हसून म्हणालो, “अरे, ओढाळ म्हणजे दावे तोडून भटकणारे गुरू.” तो म्हणाला, “तुम्ही मलाच म्हणायचात ना? मला वाटायचं, ओढ्यातला तो ओढाळ.”

भगिनी-बंधूंनो, शब्दकोश आमच्या बाजूने होता, तरी आम्ही हरलो. आम्ही रागाने फेकलेला शब्द त्या मुलाने जपून ठेवला होता आणि त्यात पाणी भरले होते. नाव ‘ओढाळ’च राहिले.

पालकांस एक व्यवहाराची सूचना. ‘पोकेमॉन युरेनियम’ नावाचा हौशी खेळ दोघा चाहत्यांनी सुमारे नऊ वर्षे खपून केला. त्यात दीडशेहून अधिक नवे प्राणी होते. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला आणि मूळ मालकांच्या वकिलांच्या नोटिसांमुळे लगेच मागे घ्यावा लागला. दुसऱ्याच्या नावाखाली केलेले आपले राहत नाही. मुलांना सांगा, प्राणीही तुमचे असू द्या, नावही तुमचे, खेळही तुमचाच.

पन्नास वर्षे या मंडळाने गणेशोत्सव, नाटके आणि वाचनालय चालविले. पुढच्या पन्नास वर्षांसाठी आमची एवढीच विनंती की मुलांच्या वह्यांना एक कपाट द्यावे. दूर वाढणारे मूल जेव्हा कावेरीच्या प्राण्याला मराठी नाव देते, तेव्हा ते दोन्ही घरची ओढ एकाच कागदावर मांडीत असते. जी वही आम्ही घालविली ती परत येणार नाही. नव्या वहीतले पहिले पान मात्र बाहेर उजव्या हाताच्या खांबावर आहे. जाताना अवश्य पाहावे, आणि आवडले तर काढणाऱ्याला मराठीत सांगावे.