चांदीचा डोंगर आणि गटाचं कर्ज

आज आपण दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात जाऊ. या देशाला समुद्र नाही. होता तो किनारा १८७९ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने घेतला. १५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. स्पेनने ती जहाजं भरभरून नेली. खाणीत राबणारा गरीबच राहिला. १९८५ मध्ये कथिलाचा भाव कोसळला, हजारो खाणकामगार घरी बसले. तेव्हा बायांनी बाजारात दुकानं मांडली, गट करून एकमेकींना जामीन राहिल्या, कर्ज उचललं. आपल्यासारखंच! पण पुढे ऐपतीपेक्षा जास्त कर्जं वाटली गेली आणि २००१ मध्ये कर्जदार रस्त्यावर उतरले. म्हणून आम्ही सांगतो, सही करण्याआधी हप्ता कुठून भरणार ते गटात बोला.